मूत्रपिंडातली गाठ : आधी सुई, मग सुरी

गेल्या वर्षी आमच्या मामूंच्या उजव्या कुशीत दुखू लागले. घरात सगळ्यांनी मुतखडाच धरला. मामींनी महिनाभर हुलग्याचे कढण पाजले. पण दुखणे थांबेना. संध्याकाळी बारीक ताप, रात्री अंगाला घाम, आणि सदऱ्याचे खांदे उतरू लागलेले. सोनोग्राफीत खडा नव्हता. मूत्रपिंडात मोठी गाठ होती.

पहिला सल्ला मिळाला, मूत्रपिंड काढून टाका. दुसऱ्या डॉक्टरांनी सिटी स्कॅन निरखून पाहिला आणि म्हणाले, "गाठ नेहमीसारखी वाटत नाही. आधी सुईने तुकडा काढून तपासू." मामींनी आमचा हात धरला. "बेटा, सुई लावली की गाठ चवताळते म्हणतात. नको ना!"

ही भीती बहुतेक घरांत असते. आम्ही मास्तर माणसे, समजेपर्यंत विचारत राहिलो. डॉक्टरांनी सांगितले की सुईच्या वाटेने गाठ पसरणे फारच क्वचित घडते. निदान चुकले तर मात्र नुकसान मोठे होते. मामी गप्प झाल्या, मग मामूंकडे पाहून म्हणाल्या, "करा."

अहवाल आला : लिम्फोमा.

लिम्फोमा म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कर्करोग. १८३२ साली लंडनच्या थॉमस हॉजकिन यांनी अशा रोग्यांचे वर्णन प्रथम लिहिले. हा रोग बहुधा मान, काख, जांघ येथील लसिकाग्रंथींत सुरू होतो. मूत्रपिंडात अशा ग्रंथी नसतात; म्हणून तेथूनच सुरू होणारा लिम्फोमा फार दुर्मिळ. दुसरीकडचा लिम्फोमा मूत्रपिंडात पोचणे त्यामानाने अधिक दिसते. त्यामुळे मामूंचा पेट स्कॅन झाला, हाडातला मगजही तपासला. इतरत्र काही सापडले नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. मूत्रपिंडाचा नेहमीचा कर्करोग शस्त्रक्रियेने काढतात. लिम्फोमा मात्र रक्तपेशींचा रोग. त्याचा मुख्य इलाज औषधांचा. मूत्रपिंड काढले तरी औषधे घ्यावीच लागतात, आणि एक चांगला अवयव हकनाक जातो. कधी कधी दोन्ही बाजूंना गाठी असतात, क्रिएटिनीन चढते. तेव्हा तर मूत्रपिंड जपणे फारच मोलाचे. औषध लागू पडले की त्याचे काम सुधारूही शकते.

मामूंचा प्रकार यातला सर्वांत जास्त आढळणारा, मोठ्या बी-पेशींचा होता. दर २१ दिवसांनी सलाईनमधून औषधे, सोबत पाच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या, अशा सहा फेऱ्या. त्यात रिटुक्सिमॅब हे मुख्य औषध. १९९७ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. २००७ पासून भारतात बनलेले, तुलनेने स्वस्त रूपही मिळू लागले. खर्चाची काळजी असेल त्यांनी रुग्णालयातच महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करावी. मुंबईत परळचे टाटा रुग्णालय तर १९४१ पासून कर्करोग्यांची सेवा करीत आहे.

केस गेले, तोंडाची चव गेली. तिसऱ्या फेरीनंतर ताप आला, त्याच रात्री दवाखाना गाठावा लागला. या औषधांत पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून ताप अंगावर काढू नये. रमजान आला तेव्हा मामूंनी रोज्यांचा हट्ट धरला. डॉक्टरांनी मना केले आणि मामींनी दुपारी स्वतः समोर बसून त्यांना जेवू घातले.

सहा फेऱ्या संपल्या. शेवटच्या स्कॅनमध्ये गाठ दिसली नाही. रोग परतू शकतो, म्हणून तपासण्या चालूच आहेत. पण दोन्ही मूत्रपिंडे जागेवर आहेत, अलहम्दुलिल्लाह.

वाचक भगिनी-बंधूंनो, कुशीतले दुखणे, लघवीत रक्त, रेंगाळणारा ताप, कारणाविना घटणारे वजन, यांना कढणावर रेटू नका. आणि गाठ निघाली तर घाबरून सही करण्याआधी एक सवाल जरूर विचारा : "डॉक्टरसाहेब, ही गाठ नक्की कशाची आहे? आधी तुकडा तपासायला हवा का?"