‘शॅपरोन’ : अर्थांतर आणि मराठी पर्यायाचा प्रश्न

एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कादंबरीचा अनुवाद करताना ‘शॅपरोन’ या शब्दापाशी अनुवादक हमखास अडखळतो. अविवाहित तरुणीबरोबर समारंभास वा प्रवासास जाणारी विवाहित अथवा प्रौढ स्त्री, हा त्याचा रूढ अर्थ होय. त्यासाठी ‘सोबतीण’ व ‘पाठराखीण’ हे शब्द सहज सुचतात. ते कितपत समर्पक आहेत, हे ठरविण्यासाठी मूळ शब्दाचा इतिहास पाहणे आवश्यक ठरते.

हा शब्द मुळात वस्त्रवाचक आहे. उत्तरकालीन लॅटिनमधील ‘काप्पा’पासून फ्रेंच ‘शाप’ आणि त्याचे लघुत्वदर्शक रूप ‘शाप्रों’ सिद्ध झाले. डोके व खांदे झाकणारे हे वस्त्र आपल्याकडील कुंचीची आठवण करून देते. शार्ल पेरो यांच्या १६९७ मधील कथासंग्रहातील बालिका तांबड्या ‘शाप्रों’वरूनच ओळखली जाते. मध्ययुगीन इंग्रजीतही शब्दाचा अर्थ हाच होता. अठराव्या शतकात तो सोबत करणाऱ्या स्त्रीला लावला जाऊ लागला. वस्त्र डोक्याला झाकते, तशी ती तरुणीला ‘झाकते’, अशी ही लक्षणा आहे.

या अर्थाचे मर्म एका अनपेक्षित क्षेत्रात स्पष्ट होते. १९७८ मध्ये रॉन लास्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशीतील एका प्रथिनाला ‘रेण्वीय शॅपरोन’ म्हटले. कारण ते इतर रेणूंमधील भलत्या जोडण्या टाळते. म्हणजे येथे केवळ साहचर्य नव्हे, तर अनुचित संपर्काचे निवारण अभिप्रेत आहे.

‘सोबत’ हा अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द केवळ साहचर्य सांगतो. त्यात पहाऱ्याची छटा नाही. ‘पाठराखीण’ विवाहानंतर नववधूबरोबर सासरी जाते. परक्या घरात ती वधूच्या बाजूची असते. ‘पाठराखण’ या शब्दातही पाठिंब्याचाच भाव आहे. शॅपरोन मात्र विवाहापूर्वीची, आणि तरुणीपेक्षा तिच्या कुलाच्या लौकिकाला बांधलेली. तिला सरसकट ‘पाठराखीण’ म्हटल्यास पहारा हा आधार भासू लागतो आणि कादंबरीतील सत्तासंबंधच उलटतो.

म्हणून जेथे नजर ठेवणे हा प्रसंगाचा गाभा असेल, तेथे मूळ शब्द ठेवून पहिल्या उल्लेखातच वाक्याच्या ओघात त्याचा उलगडा करणे इष्ट. ‘पाठराखीण’ हा शब्द मात्र अशा पात्रासाठी राखावा, जे खरोखरच तरुणीच्या पाठीशी उभे राहते.