घरासाठी काटे-चमचे : धातू, घडण आणि निवड

कढई, कुकर किंवा तवा घ्यायचा असेल, तर चार दुकाने हिंडून निवड केली जाते. काटे-चमच्यांची गरज मात्र बहुधा आहेरात आलेल्या संचावर किंवा दुकानातून निघता निघता उचललेल्या अर्ध्या डझनावर भागवली जाते. वस्तुतः ही रोज तोंडाशी जाणारी, आंबट-खारट पदार्थांत बुडणारी आणि वर्षानुवर्षे वापरात राहणारी वस्तू असल्याने तिच्या निवडीला दोन निकष लावणे अगत्याचे आहे : एक धातूची प्रत व घडण, आणि दुसरा त्या घरातील जेवणाची रीत. बाजारातील तयार संच यांपैकी दुसऱ्या निकषाचा विचार परक्या टेबलावरून करतात, आणि पहिल्याविषयी खोक्यावर फारसे काही सांगत नाहीत.

चांदीपासून स्टेनलेस स्टीलपर्यंत

युरोपात काटा सर्वप्रथम रुळला तो इटलीत. इंग्रज प्रवासी थॉमस कोरिअट याने १६११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात इटालियन लोकांच्या या सवयीची नोंद केली, तेव्हा इंग्लंडमध्ये ती नवलाची गोष्ट होती. श्रीमंतांच्या टेबलावर चांदी आली ती केवळ मिरवण्यासाठी नव्हे, तर लोखंडाप्रमाणे ती आंबट पदार्थाला धातूची चव देत नाही म्हणूनही. शुद्ध चांदी फार मऊ असल्याने ९२.५ टक्के चांदी आणि उरलेले बहुतांशी तांबे असा मिश्रधातू वापरला जातो. त्यालाच स्टर्लिंग म्हणतात. शेफील्डच्या थॉमस बोल्सोव्हरने १७४३ च्या सुमारास तांब्यावर चांदीचा पत्रा एकजीव करण्याची रीत शोधली आणि १८४० मध्ये एल्किंग्टन यांनी विजेच्या साहाय्याने मुलामा चढवण्याच्या कृतीचे पेटंट घेतले, तेव्हा चांदीचा थाट मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. या मुलाम्याखाली पुढे बहुधा जर्मन सिल्व्हर हा धातू वापरला जाऊ लागला. तांबे, निकेल आणि जस्त यांच्या या मिश्रणात चांदीचा अंशही नसतो, ही गोष्ट लग्नसराईत आणि हळदीकुंकवाच्या वाणासाठी तो चकचकीत माल घेणाऱ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावी.

खरे परिवर्तन घडवले ते स्टेनलेस स्टीलने. जर्मनीतील क्रुप कारखान्याने १९१२ मध्ये क्रोमियम-निकेलयुक्त पोलादाची पेटंटे नोंदवली. १९१३ मध्ये शेफील्ड येथे बंदुकीच्या नळ्यांची झीज कमी करण्याचे प्रयोग करीत असताना हॅरी ब्रिअर्ली यांच्या हाती सुमारे तेरा टक्के क्रोमियमचे न गंजणारे पोलाद लागले, आणि त्याचा उपयोग प्रथम झाला तो टेबलावरच्या सुऱ्यांसाठी. महाराष्ट्रात तोवर पितळ आणि तांबे यांचे राज्य होते. पितळेच्या पळ्या आणि डाव यांना आंबटाची बाधा होऊ नये म्हणून आतून कथलाचा थर, म्हणजे कल्हई, द्यावी लागे. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत कल्हईची कटकट नसलेले स्टील घरोघरी शिरले, पितळ मोडीच्या भावात गेले, आणि जुन्या जरीच्या साड्या घेऊन बोहारणी स्टीलची भांडी देऊ लागल्या.

स्टीलची प्रत कशी ओळखावी

पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असेल, तर हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे मिलिमीटरच्या काही दशलक्षांश भागाइतका, अभेद्य पापुद्रा तयार होतो. ओरखडा पडला तरी तो पुन्हा धरतो, आणि गंज न येण्याचे रहस्य एवढेच आहे. चमच्याच्या मागे कोरलेल्या १८/८ किंवा १८/१० या आकड्यांपैकी पहिला क्रोमियमची आणि दुसरा निकेलची टक्केवारी सांगतो. निकेलमुळे गंजरोधकता वाढते आणि चकाकीला ऊब येते. १८/८ म्हणजेच बाजारात ३०४ या क्रमांकाने ओळखले जाणारे स्टील होय. १८/० मध्ये निकेल जवळजवळ नसते. ते स्वस्त असते, काळजी घेतल्यास चांगले टिकते, आणि निकेलची तीव्र ॲलर्जी असणाऱ्यांना तेच सोयीचे ठरते.

खरी गफलत होते ती तिसऱ्या प्रकाराबाबत. निकेल महाग असल्याने त्याची जागा बरीचशी मँगेनीजने भरून काढलेले २०० मालिकेतील स्टील भारतीय भांडीबाजारात मोठ्या प्रमाणावर खपते, आणि त्याच्या काही प्रकारांत निकेल एक टक्क्याच्या आसपासच असते. ते दिसायला ३०४ सारखेच झळकते; परंतु मीठ, चिंच, लोणचे यांच्या सततच्या संपर्कात त्यावर ठिपक्याठिपक्यांनी गंज धरण्याची शक्यता अधिक असते. ‘लोहचुंबक चिकटला नाही, म्हणजे स्टील उत्तम’ ही दुकानातली सर्वमान्य परीक्षा येथे निरुपयोगी ठरते, कारण २०० मालिकेलाही चुंबक चिकटत नाही. उलट चांगल्या सुरीच्या पात्याला तो चिकटतोच, कारण धार टिकवण्यासाठी पाते उष्णतेने कठीण करता येईल असे, तेरा टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असलेले चुंबकीय पोलाद त्यासाठी मुद्दाम वापरले जाते. तेव्हा चुंबक केवळ १८/० ओळखण्यापुरता उपयोगी आहे. ३०४ ची खात्री हवी असेल, तर वस्तूवर प्रत कोरलेली असावी आणि ती पावतीवरही लिहून घ्यावी, हाच व्यवहार्य मार्ग आहे.

सोनेरी, तांबूस किंवा काळ्या छटेचे जे संच अलीकडे दिसतात, त्यांवर सहसा निर्वात कक्षात धातूच्या वाफेचा अतिसूक्ष्म थर बसवलेला असतो. हा थर चांगल्यापैकी कठीण असला, तरी तारेच्या घासणीने आणि खरखरीत पावडरीने त्याची रया जाते. त्यामुळे रोजच्या घासणीत पडणाऱ्या चमच्यांसाठी साधे स्टीलच बरे.

घडण : हातात घेऊन पाहण्याच्या गोष्टी

पत्र्यातून सरळ छापून काढलेला चमचा सर्वत्र सारख्याच जाडीचा असतो. चांगल्या कारखान्यात मात्र कापलेला तुकडा आधी रुळांखालून काढून चमच्याचे तोंड पातळ केले जाते आणि जिथे दांडा तोंडाला मिळतो त्या मानेशी जाडी राखली जाते, कारण घट्ट श्रीखंड किंवा आइस्क्रीम काढताना सारा जोर मानेवरच येतो. म्हणून केवळ जड चमचा तो चांगला, असे समजू नये. मान दोन्ही अंगठ्यांनी दाबून पाहावी; ती लवू नये. तोंडाच्या कडेवरून बोट फिरवावे. ती गोलसर लागावी, कातरी लागू नये. काट्याच्या दातांमधल्या फटी उजेडात धरून पाहाव्यात. तिथे पॉलिश पोचवणे वेळखाऊ असल्याने हलक्या मालात त्या खरखरीत राहतात, आणि अन्न व डाग तिथेच अडकतात. शेवटी दांड्यावर पडलेले नळीदिव्याचे प्रतिबिंब पाहावे. ते सरळ दिसले तर घडण आणि पॉलिश नेटके आहे, लाटांसारखे हलले तर नाही.

कोणते आणि किती

चोवीस नगांच्या प्रचलित संचात जेवणाचे चमचे, काटे, सुऱ्या आणि चहाचे चमचे प्रत्येकी सहा असतात. हा हिशेब ज्या टेबलावर प्रत्येकाच्या ताटात मांस कापून खाल्ले जाते, तिथला आहे. गोव्यातील पोर्तुगीज वळणाच्या काही घरांत तो आजही सार्थ ठरू शकेल. पण भाकरी, पोळी आणि कालवलेला भात हाताने खाल्ला जाणाऱ्या मराठी घरात सहा सुऱ्या वर्षानुवर्षे खोक्यात पडून राहतात आणि चहाचे चमचे मात्र कायम कमी पडतात. मराठी जेवणात धातूच्या साधनांचा मुख्य मान वाढण्याचा आहे : आमटीसाठी खोलगट पळी किंवा ओगराळे, भातासाठी पसरट भातवाढी, भाजीसाठी डाव आणि तुपासाठी छोटा चमचा. खरेदीचा पैसा आधी या वाढण्याच्या साधनांवर लावावा, कारण गरम आणि आंबट पदार्थांत सर्वाधिक वेळ तीच राहतात.

चौघांच्या घराला सुटे नग घेऊन बारा चहाचे चमचे, खीर-श्रीखंड व आमटीभातासाठी आठ मध्यम चमचे, पोहे-उपम्याला व नूडल्सना उपयोगी पडतील असे सहा काटे आणि फळे-पाव कापण्यासाठी दोन चांगल्या सुऱ्या पुरतात. सुट्या नगांचा आणखी एक लाभ असा की, दुकानदार तोच नमुना कायम ठेवत असल्यास हरवलेल्या चमच्याची भर पुढे घालता येते. लहान मुले आणि वृद्ध यांच्यासाठी आखूड, जाड दांड्याचे चमचे वेगळे घ्यावेत, कारण थरथरत्या किंवा चिमुकल्या हाताला बारीक दांडा धरवत नाही. घरातल्या चमच्यांची मापे एकसारखी नसल्याने पाच मिलिलिटर औषध मात्र औषधाबरोबर आलेल्या मापानेच द्यावे.

निगेचा नियम सोपा आहे. खारट-आंबट पदार्थाने माखलेले चमचे रात्रभर मोरीत पडू देऊ नयेत, लोणच्याच्या बरणीत स्टीलचा चमचा ठेवून देऊ नये, आणि धुतल्यावर ते पुसून ठेवावेत. चांदीचे चमचे काळवंडतात ते अंडे, कांदा अशा पदार्थांतील गंधकामुळे. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ठेवून धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात बुडवल्यास रासायनिक क्रियेने तो काळा थर पुन्हा चांदीत परततो, त्यामुळे घासून चांदी झिजवावी लागत नाही.

ज्या घराने आपण काय खातो आणि कसे वाढतो याचा आधी विचार केला, त्याला चोवीस नगांच्या खोक्याची गरज उरत नाही. तेवढ्याच पैशांत थोडे, पण प्रत कोरलेले आणि मानेशी जाड असे नग मिळू शकतात, आणि तेच पुढच्या पिढीच्या ताटापर्यंत टिकतात.