पैसेवारीचा आकडा आणि संख्याशास्त्राची कसोटी

गोदाकाठच्या गंगाखेड तालुक्यात खरीप हंगाम सरत आला, सोयाबीनची रास घरात आली, की पारावरची चर्चा हटकून एका आकड्यापाशी येऊन थांबते. गावाची पैसेवारी किती निघाली? रुपया सोळा आण्यांचा होता तेव्हा हीच ‘आणेवारी’ होती. १९५७ साली दशमान नाणी आली आणि तिची पैसेवारी झाली. प्रमाण उत्पन्नाला रुपया मानले, तर यंदाचे पीक किती पैसे, एवढाच तिचा अर्थ. परंतु हा आकडा पन्नासच्या खाली गेला, तर जमीन महसुलातील सूट, कर्जवसुलीला स्थगिती, विद्यार्थ्यांची परीक्षा फी माफी अशा सवलतींची दारे आजवर उघडत आली आहेत. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ नियमपुस्तिकेनंतर पर्जन्यमान, पिकांची स्थिती, जमिनीतील ओलावा या निर्देशांकांना महत्त्व आले असले, तरी गावकऱ्यांच्या मनातील पैसेवारीचे स्थान ढळलेले नाही.

हा आकडा म्हणजे वस्तुतः एक दावा आहे, आणि कोणताही दावा तपासूनच स्वीकारायचा असतो, हा संख्याशास्त्राचा पहिला धडा होय.

प्रथम वर्गीकरणाचा प्रश्न पाहू. हेक्टरी उत्पन्न ही मोजता येणारी, अखंड बदलणारी राशी आहे. ‘टंचाईग्रस्त’ आणि ‘टंचाईग्रस्त नाही’ हे मात्र दोन कप्पे आहेत. राशीचे कप्प्यांत रूपांतर करताना माहिती गमावली जाते. एकोणपन्नास पैशांचे गाव आणि दहा पैशांचे गाव एका कप्प्यात पडते, तर एकोणपन्नास आणि एक्कावन पैशांची शेजारशेजारची गावे वेगळी होतात. प्रशासनाला कुठेतरी रेघ ओढावीच लागते, हे खरे. तथापि रेघेच्या जवळचा आकडा किती विश्वसनीय आहे, हे न विचारता निवाडा देणे न्यायाचे नाही.

ही विश्वसनीयता नमुन्यावर अवलंबून असते. एकेकाळी पिकाचा अंदाज नजरेनेच बांधला जाई. १९४० च्या दशकात सातारा जिल्ह्यातील बुध गावचे सुपुत्र डॉ. पां. वा. सुखात्मे आणि डॉ. पानसे यांनी पीक कापणी प्रयोगांना यादृच्छिक निवडीची शास्त्रीय बैठक दिली. शेत आणि शेतातील प्लॉट कोणाच्या मर्जीने नव्हे, तर यादृच्छिक अंकांनी निवडायचा. बंगालमध्ये प्रा. महालनोबिस अगदी लहान प्लॉट वापरीत. त्यात कडेवरची रोपे आत धरली जाऊन उत्पन्न फुगते, हे सुखात्मे यांनी दाखवून दिले. हा वाद केवळ विद्वानांचा नव्हता. दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद प्लॉटचे उत्पन्न दोनशेने गुणले की हेक्टरी उत्पन्न मिळते. म्हणजे काट्यावर एका किलोची चूक झाली, तर त्या प्रयोगाच्या कागदावर ती हेक्टरी दोन क्विंटलांची होते!

पुढे १९७६ साली पुण्याच्या गोखले संस्थेतील प्रा. वि. म. दांडेकर यांनी पीकविम्यासाठी व्यक्तीऐवजी क्षेत्र हा घटक मानावा, असे सुचविले. १९८५ च्या सर्वंकष पीकविमा योजनेने आणि २०१६ च्या प्रधानमंत्री पीकविमा योजनेनेही तीच वाट धरली. त्यामुळे कापणी प्रयोगाचे वजन आणखी वाढले. कारण चार-दोन प्लॉटांवरून साऱ्या शिवाराचे भवितव्य ठरू लागले.

एक कल्पित उदाहरण घेऊ. उंबरठा उत्पन्न हेक्टरी हजार किलो आहे. चार प्लॉटांतून तीन, चार, सहा आणि आठ किलो सोयाबीन निघाले. सरासरी सव्वापाच किलो, म्हणजे हेक्टरी १,०५० किलो. निष्कर्ष : नुकसान नाही. पण आठ किलोच्या प्लॉटाऐवजी पाच किलोचा प्लॉट निवडला गेला असता, तर सरासरी ९०० किलोंवर आली असती आणि निष्कर्ष उलटला असता. या चार आकड्यांची प्रमाण त्रुटी हेक्टरी सुमारे २२० किलो येते. उंबरठ्यापासूनचे अंतर मात्र अवघे पन्नास किलोंचे. अशा पुराव्यावर ‘नुकसान झाले’ असे सिद्ध होत नाही, आणि ‘झाले नाही’ असेही नाही. पिकातील चढउतार तेवढाच राहून प्लॉट सोळा केले, तर ही त्रुटी निम्म्यावर येते. अचूकता दुप्पट हवी, तर श्रम चौपट करावे लागतात.

येथे संख्याशास्त्रातील ‘शून्य परिकल्पना’ उपयोगी पडते. न्यायालय आरोपीला आधी निर्दोष मानते, तसे ‘नुकसान नाही’ हे गृहीत धरून पुरावा तपासला जातो. त्यात दोन प्रकारच्या चुका संभवतात. नुकसान नसताना भरपाई दिली, ही पहिल्या प्रकारची चूक. नुकसान असताना नाकारली, ही दुसऱ्या प्रकारची. पहिलीचा भार तिजोरीवर किंवा विमा कंपनीवर पडतो आणि तो अनेकांत विभागला जातो. दुसरीचा भार एका घरावर पडतो. त्या घरातील मुलाची फी, मुलीचे लग्न, पुढच्या पेरणीचे बियाणे त्याखाली येते. पुराव्याअभावी नुकसान सिद्ध झाले नाही, याचा अर्थ नुकसान झालेच नाही असा होत नाही. सरकारी कागद मात्र या दोन्ही गोष्टी सर्रास एकच मानतात.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक गावच्या आकड्यासोबत प्लॉटांची संख्या, त्यांची निवड कशी झाली ती पद्धत आणि प्रमाण त्रुटी चावडीवर लावावी. रेघेच्या अगदी जवळ आलेल्या गावांत रास उचलली जाण्यापूर्वीच जादा प्रयोग करावेत. सवलतीही एका फटक्यात न देता तुटीच्या प्रमाणात द्याव्यात. विम्यात उंबरठ्याखाली हे तत्त्व आहेच. आणि गंगाखेडच्या शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांनी सरासरी व प्रमाण त्रुटी शिकविताना परीक्षेतील काल्पनिक गुणांऐवजी आपल्याच शिवारातील आकडे फळ्यावर मांडावेत. आकडा कसा तयार होतो हे ज्या गावाला कळते, त्या गावाला चावडीवर योग्य प्रश्न विचारता येतो.