सघन सार्वजनिक अरण्यातील कायोटीची शिकार : साद, श्रवण आणि संयम – एक अभ्यास

प्रास्ताविक :

मराठी माणसाला 'कोल्हेकुई' हा शब्द नवा नाही. गावाबाहेरच्या माळावर तिन्हीसांजेला एका कोल्ह्याने सूर लावला की दुसरा त्यास साथ देतो, हा अनुभव ग्रामीण भागात वाढलेल्या बहुतेकांच्या स्मरणात असतो. उत्तर अमेरिका खंडात आपल्या कोल्ह्याचा असाच एक निकटचा आप्त राहतो. त्याचे नाव कायोटी. मेक्सिकोतील नाहुआट्ल भाषेतील 'कोयोट्ल' या शब्दापासून हे नाव स्पॅनिश भाषेत आणि तेथून इंग्रजीत आले. अमेरिकन प्रकृतिशास्त्रज्ञ थॉमस से यांनी १८२३ मध्ये या प्राण्यास 'कॅनिस लॅट्रान्स' म्हणजे 'भुंकणारा श्वान' हे शास्त्रीय नाव दिले. म्हणजे या प्राण्याची ओळखच मुळी त्याच्या आवाजावरून ठरली आहे.

आवाजावरूनच त्याची शिकारही केली जाते. लपून बसायचे, सशाच्या किंकाळीची अथवा कायोटीच्याच हुंकाराची नक्कल करायची आणि त्यास आपल्याकडे बोलावून घ्यायचे, ही पद्धती अमेरिकेत 'कॉलिंग' या नावाने ओळखली जाते. प्रस्तुत लेखात तिला 'साद घालणे' असे म्हटले आहे. मोकळ्या गवताळ प्रदेशात विकसित झालेली ही पद्धती दाट सार्वजनिक अरण्यात वापरताना नवशिक्यास काय शिकावे लागते आणि त्या शिकण्यातून कोणती जबाबदारी उद्भवते, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. प्राणी आणि त्याचा विस्तार :

कायोटी हा मूलतः खंडाच्या पश्चिम व मध्य भागातील मोकळ्या प्रदेशाचा रहिवासी. युरोपीय वसाहतवाल्यांनी पूर्वेकडील अरण्ये तोडली, लांडग्यांचा निःपात केला आणि त्यामुळे रिकाम्या झालेल्या जागेत विसाव्या शतकात कायोटी शिरला. आज हवाई वगळता अमेरिकेच्या सर्व राज्यांत तो आढळतो. पूर्वेकडे सरकताना त्याचा काही प्रमाणात लांडग्याशी व पाळीव कुत्र्याशी संकर झाला. पश्चिमेकडील कायोटी साधारणतः ९ ते १४ किलो वजनाचा असतो, तर पूर्वेकडील अनेकदा १६ ते २५ किलोपर्यंत भरतो.

उंदीर, ससे, हरणाची पाडसे, मृत जनावरे, किडे, रानफळे असे जे मिळेल ते तो खातो. नर-मादीची जोडी आपला प्रदेश राखून असते. जानेवारी ते मार्च हा मीलनाचा काळ, सुमारे ६३ दिवसांचा गर्भकाळ आणि वसंतात गुहेत पिल्लांचा जन्म, असा त्याचा वार्षिक क्रम आहे. शरद ऋतूत वाढलेली पिल्ले स्वतंत्र प्रदेशाच्या शोधात बाहेर पडतात. शिकाऱ्याची कोणती साद केव्हा परिणामकारक ठरेल, हे या वार्षिक क्रमावर अवलंबून असते.

२. सार्वजनिक अरण्य – एक उदाहरण :

पेनसिल्व्हेनिया राज्याच्या वायव्य भागातील अलेगेनी राष्ट्रीय वन हे या विषयाच्या दृष्टीने उत्तम उदाहरण होय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून येथील मूळ अरण्य जवळजवळ संपूर्ण तोडले गेले. १९११ च्या वीक्स कायद्याने केंद्र सरकारला अशा जमिनी विकत घेण्याचा अधिकार मिळाला आणि १९२३ मध्ये हे राष्ट्रीय वन स्थापन झाले. सुमारे ५ लाख १३ हजार एकरांच्या या वनात आज काळी चेरी, मेपल, बीच, हेमलॉक या वृक्षांची दाटी आहे. जमीन जनतेची, व्यवस्थापन केंद्रीय वन सेवेचे आणि शिकारीचे नियम राज्याचे, अशी ही त्रिस्तरीय रचना आहे. राज्याचा परवाना असणारा कोणीही येथे शिकार करू शकतो. पेनसिल्व्हेनियात कायोटीसाठी बंद हंगाम नाही व संख्येची मर्यादाही नाही.

मात्र सार्वजनिक जमीन म्हणजे केवळ शिकाऱ्यांची जमीन नव्हे. याच वनातून 'नॉर्थ कंट्री ट्रेल' ही दीर्घ पदभ्रमण वाट जाते. पदयात्री, मासेमार, कुत्रा घेऊन फिरावयास आलेले कुटुंब, तेलविहिरींवरचे कामगार हे सर्व त्याच झाडीत वावरत असतात. राष्ट्रीय वनांत निवासस्थान, तळ अथवा विकसित विहारस्थळापासून १५० यार्डांच्या (सुमारे १३७ मीटर) आत, तसेच रस्त्यावरून आरपार गोळी झाडण्यास केंद्रीय नियमाने मनाई आहे. नवशिक्याने हा नियम बंदुकीच्या आधी शिकला पाहिजे.

३. सादेचे शास्त्र :

कायोटीच्या आवाजाचे भुंकणे, किंचाळणे, लांब हुंकार, सामूहिक हुंकार असे अनेक प्रकार अभ्यासकांनी नोंदविले आहेत. एकटा लांब हुंकार हा बहुधा 'मी येथे आहे' असा संदेश असतो, तर सामूहिक कोलाहल हा प्रदेशावरील हक्काचा पुकारा असतो. एक जोडी झपाट्याने सूर बदलत ओरडू लागली की ऐकणाऱ्यास पाच-सहा प्राण्यांचा भास होतो. त्यामुळे केवळ आवाजावरून संख्या मोजणारा नवशिका हमखास फसतो.

शिकारी दोन प्रकारच्या सादा वापरतात. पहिली भक्ष्याची : ससा, उंदीर अथवा पाडस यांचा आर्त स्वर. ही साद भुकेला आवाहन करते आणि कडाक्याच्या थंडीत विशेष उपयोगी पडते. दुसरी स्वजातीयांची : हुंकार, आव्हान अथवा पिल्लाची किंकाळी. ही प्रदेशरक्षणाच्या व अपत्यरक्षणाच्या प्रवृत्तीला स्पर्श करते आणि मीलनकाळात परिणामकारक ठरते.

साधनेही दोन प्रकारची आहेत. तोंडाने वाजविण्याच्या साधनात, आपल्याकडील पिपाणीत असते तशी, एक पातळ पट्टी असते. पट्टी नळीच्या आत बंद असेल तर ते वाजविण्यास सोपे, परंतु सूर एकच, आणि हिवाळ्यात श्वासातील बाष्प गोठून ते बंदही पडते. पट्टी उघडी असेल तर ओठ मागेपुढे सरकवून उंदराच्या चित्कारापासून दीर्घ हुंकारापर्यंत अनेक स्वर काढता येतात, मात्र त्यासाठी महिनोन्महिने सराव लागतो. दुसरे साधन म्हणजे दूरनियंत्रकावर चालणारा विद्युत ध्वनिक्षेपक. त्याचा खरा लाभ स्वराच्या अचूकतेपेक्षा जागेत आहे. तो शिकाऱ्यापासून तीस-चाळीस मीटर दूर ठेवता येतो आणि प्राण्याचे लक्ष माणसावरून हटते.

४. दाट अरण्यातील विशेष अडचणी :

मोकळ्या माळावर कायोटी अर्ध्या किलोमीटरवरून येताना दिसतो. दाट अरण्यात हे गणित उलटते. पाने, खोडे आणि उंचसखल भूमी आवाज शोषून घेतात, त्यामुळे साद फार दूर पोहोचत नाही. दृष्टी चाळीस-पन्नास मीटरांवर अडते. प्राणी दिसतो तेव्हा तो जवळ आलेला असतो आणि बहुधा त्याने शिकाऱ्यास आधी हेरलेले असते.

यातील मुख्य कारण वारा हे होय. कायोटी आवाजाच्या दिशेने सरळ येत नाही. तो वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो आणि आवाजाच्या जागेचा गंध घेतो. तेथे माणसाचा वास मिळाला की तो परत फिरतो, आणि शिकाऱ्यास तो आल्याचेही कळत नाही. 'येथे कायोटी नाहीत' असा निष्कर्ष काढून नवशिका घरी जातो. वस्तुतः ते असतात. नसते ते केवळ वाऱ्याचे भान.

डोंगराळ अरण्यात वाऱ्याचे भान राखणे आणखी कठीण. सकाळी ऊन चढू लागले की तापलेली हवा उतारावरून वर सरकते, सायंकाळी थंड झालेली हवा ओढ्याच्या दिशेने खाली उतरते. सकाळी योग्य असलेली जागा सायंकाळी निरुपयोगी ठरते ती यामुळे. म्हणून अनुभवी शिकारी अरण्याच्या गाभ्यात न बसता कडा निवडतात : वृक्षतोडीनंतर वाढलेल्या कोवळ्या झुडपांची सीमा, जुनी लाकूडवाहतुकीची वाट, वीजतारांखालील वा तेलवाहिनीवरील मोकळा पट्टा. वाऱ्याच्या खालच्या अंगाला असा पट्टा आला की वळसा घालणाऱ्या प्राण्यास तो ओलांडावाच लागतो आणि क्षणभर उघड्यावर यावे लागते.

उर्वरित क्रम संयमाचा आहे. येताना पावलांचा आवाज होऊ द्यायचा नाही. रुंद खोडाला पाठ टेकून बसायचे. प्राणी कदाचित शंभर पावलांवरच असेल, म्हणून पहिली साद हळू घालायची, मग क्रमाने मोठी. मधे दीर्घ विराम. वीस ते तीस मिनिटे हालचाल न करता थांबायचे आणि काही न घडल्यास पुरेसे दूर जाऊन पुन्हा आरंभ करायचा. दोघे असल्यास एकाने साद घालायची व दुसऱ्याने वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसायचे, मात्र परस्परांच्या जागा व गोळीची दिशा आधी ठरवूनच. घाईने झाडलेली व चुकलेली गोळी दुहेरी हानी करते. प्राणी निसटतो आणि त्या सादेचा अर्थही शिकतो. पुन्हा तो सहसा फसत नाही.

५. ओळखीचा प्रश्न आणि शिकाऱ्याची जबाबदारी :

भक्ष्याचा आर्त स्वर केवळ कायोटीच ऐकतो असे नाही. कोल्ह्याच्या अन्य जाती, बॉबकॅट हे रानमांजर, मोकाट कुत्रा आणि दुसरा शिकारीही त्या आवाजाकडे येऊ शकतो. शिकारी स्वतः झाडीसारख्या पोशाखात असून जखमी सशासारखा ओरडत असतो. म्हणजे तो दुसऱ्याच्या बंदुकीसमोर बसलेला असण्याचा संभव असतो. खांद्याहून रुंद खोडाला पाठ लावण्याचा संकेत आणि ये-जा करताना भडक नारिंगी वस्त्र दाखविण्याची शिस्त यातूनच आली आहे.

त्याहून सूक्ष्म प्रश्न लांडग्याचा आहे. डिसेंबर २०२१ मध्ये न्यूयॉर्क राज्यात एका शिकाऱ्याने कायोटी समजून सुमारे ८५ पौंडांचा (साधारण ३८ किलो) प्राणी मारला. पुढे जनुकीय तपासणीत तो लांडगा असल्याचे निष्पन्न झाले. नॉर्थ कॅरोलायनात १९८७ पासून पुन्हा वसविलेल्या, अत्यंत दुर्मीळ अशा तांबड्या लांडग्याचे कायोटीशी इतके साम्य आहे की मे २०१४ मध्ये संघीय न्यायालयाने तेथील पाच काउंट्यांतील कायोटीची शिकार तात्पुरती थांबविली. झुडपातून एक करडी आकृती डोकावते आणि निर्णयासाठी काही सेकंदच मिळतात. अशा वेळी 'खात्री नाही, म्हणून झाडणार नाही' असे म्हणता येणे ही या विद्येची खरी परीक्षा आहे.

६. शिकारीने संख्या घटते काय?

हरणे व मेंढ्या वाचविण्यासाठी कायोटी मारले पाहिजेत, असे समर्थन वारंवार केले जाते. अमेरिकन केंद्र सरकारच्या वन्यजीव नियंत्रण यंत्रणेने २०१० ते २०२० या दशकात बहुतेक वर्षी साठ हजारांहून अधिक कायोटी मारले. तरीही प्राण्याचा विस्तार थांबला नाही. प्रस्थापित जोडी नष्ट झाली की तरुण प्राणी रिकामा प्रदेश व्यापतात. संख्या विरळ होऊन अन्न मुबलक झाले की अधिक माद्या लहान वयात वितात व पिल्लेही अधिक जगतात. १९७५ मध्ये कॉनोली व लाँगहर्स्ट यांनी मांडलेल्या गणिती प्रतिमानानुसार दरवर्षी ७५ टक्के कायोटी मारले तरी समूळ नाशास सुमारे पन्नास वर्षे लागतील. विशिष्ट शेतावर मेंढ्या मारणारा विशिष्ट प्राणी दूर केल्यास स्थानिक लाभ होऊ शकतो. परंतु विस्तीर्ण वनात कधीमधी मारलेल्या एखाद्या कायोटीने अरण्याचा समतोल सुधारतो, हा दावा टिकत नाही.

या प्रश्नावर अमेरिकन समाजातही एकमत नाही. अधिकाधिक प्राणी मारणाऱ्यास बक्षीस देणाऱ्या स्पर्धांवर कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये व व्हरमाँटने २०१८ मध्ये बंदी घातली. न्यूयॉर्कने २०२३ मध्ये तसा कायदा केला. या बंदीने वैयक्तिक शिकार थांबत नाही, पण जीव घेण्याचा हेतू काय असावा, हा प्रश्न समाज विचारू लागल्याचे त्यातून दिसून येते.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. १) सादेची शिकार ही प्रथम ऐकण्याची विद्या आहे. प्राण्याचे जीवनचक्र व भाषा न जाणता घातलेली साद निष्फळ होते. २) दाट अरण्यात यश सादेच्या जोरापेक्षा वारा, कडा व संयम यांवर अवलंबून असते. ३) सार्वजनिक भूमीवर इतरांचाही समान हक्क असल्याने लक्ष्याची निश्चित ओळख हे कौशल्य नसून कर्तव्य आहे. ४) लोकसंख्या नियंत्रणाचे सर्वसाधारण समर्थन अभ्यासाच्या कसोटीस उतरत नाही. म्हणून शिकाऱ्याने आपल्या कृतीचे उत्तर अन्यत्र न शोधता स्वतःपाशीच शोधले पाहिजे.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये कोल्ह्यास संरक्षण आहे, त्यामुळे त्याच्या शिकारीचा प्रश्न आपल्यापुढे नाही. पण नोंदविलेले हुंकार वाजवून त्यास मिळणाऱ्या प्रतिसादावरून कोल्ह्याचे अस्तित्व नोंदविण्याची पद्धती वन्यजीव अभ्यासक अनेक देशांत वापरतात. साद तीच, परिणाम वेगळा : तेथे उत्तरादाखल गोळी नसते, नोंदवहीत एक खूण असते. आपल्या महाविद्यालयांच्या परिसरातील माळरानेही झपाट्याने आक्रसत आहेत. कोल्हेकुई ऐकू येते की नाही, एवढी साधी नोंद जरी प्राणिशास्त्र व भूगोल विभागांतील विद्यार्थ्यांनी वर्षभर ठेवली, तरी अमेरिकन शिकाऱ्याने कष्टाने कमावलेल्या श्रवणविद्येचा तो अधिक विधायक उपयोग ठरेल.