रात्रीच्या मासेमारीसाठी लहान होडीची सिद्धता

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात दासवे गावाच्या परिसरात, लवासा या नावाने परिचित असलेल्या वसाहतीच्या पायथ्याशी, वरसगाव धरणाचे पाणी पसरलेले आहे. मोसे नदीवरील या जलाशयास वीर बाजी पासलकर यांचे नाव असून त्याची उपयुक्त साठवण क्षमता १२.८२ अब्ज घनफूट आहे. पानशेत, टेमघर व खडकवासला यांच्यासमवेत हा जलाशय पुणे शहराची तहान भागवितो. सह्याद्रीच्या कुशीतील अशा धरणांच्या पाण्यावर गळ आणि जाळे यांच्या आधारे गुजराण करणारी कुटुंबे ठिकठिकाणी आढळतात. जाळे सायंकाळी लावावयाचे आणि पहाटे काढावयाचे, हा त्यांचा क्रम असतो. सकाळच्या बाजारात ताजी मासळी पोहोचली तरच तिला भाव मिळतो. म्हणून रात्रीची मासेमारी ही हौशी माणसाची करमणूक असली, तरी मच्छीमाराच्या दृष्टीने ती पोटाची निकड आहे.

हे काम ज्या साधनांनी केले जाते त्यांकडे पाहिले असता चिंता वाटल्यावाचून राहत नाही. मोटारीच्या चाकाची फुगविलेली ट्यूब, थर्माकोलचे तुकडे बांधून केलेला तराफा, किंवा फार तर एक लहान फायबरची होडी. उजेडासाठी डोक्याला बांधलेली विजेरी आणि तीही पुष्कळदा हातात. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी उजनी जलाशयात करमाळा तालुक्यातील कुगाव व इंदापूर तालुक्यातील कळाशी यांच्या दरम्यान एक प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांना प्राण गमवावे लागले. ती होडी मासेमारीची नव्हती. तथापि धरणाचे पाणी शांत दिसते म्हणून ते निर्धोक असते, हा समज किती फसवा आहे, हे त्या सायंकाळी दिसून आले. वळवाच्या दिवसांत वारा सुटण्यास काही मिनिटे पुरतात. अंधारात तर ढग चढत असल्याचेही लक्षात येत नाही.

रात्रीच का, असा प्रश्न साहजिकपणे विचारला जातो. शिंगाडा, शिवडा, वाम यांसारखे मासे प्रामुख्याने रात्री भक्ष्य शोधतात. मिशांसारख्या स्पर्शेंद्रियांवर आणि गंधावर अवलंबून असणाऱ्या माशांना उजेडाची गरज नसते. दिवसा ते खोल पाण्यात वा कपारीत पडून राहतात आणि अंधार पडल्यावर उथळ काठाकडे येतात. उन्हाळ्यात पृष्ठभागाचे पाणी रात्री निवते, हेही एक कारण होय.

दिव्याचे कार्य मात्र वेगळे आहे. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव प्रकाशाकडे ओढले जातात, त्यांच्या मागे लहान मासळी येते आणि लहान मासळीच्या मागे मोठी. म्हणून अमावास्येच्या सुमारास दिव्याचा परिणाम अधिक जाणवतो व चांदण्या रात्री तो फिका पडतो. परंतु याच गुणामुळे दिवा हा विनाशाचेही साधन होऊ शकतो. समुद्रात प्रखर एलईडी दिव्यांनी मासे एकवटून पर्ससीन जाळ्याने ते सरसकट उपसण्याची पद्धत फोफावल्यामुळे केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये अशा मासेमारीवर बंदी घातली, आणि महाराष्ट्राने आपल्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात २०२१ साली दुरुस्ती करून शिक्षा कडक केल्या. हे निर्बंध समुद्रापुरते असले तरी त्यामागील तत्त्व जलाशयालाही लागू पडते. समुद्राला काठ नाहीत, तळ्याला आहेत. तेथे लहान मासळी एकदा खरवडून नेली, की पुढील वर्षी गळाला लागण्यास काही उरत नाही. यास्तव येथे ज्या दिव्यांचा विचार केला आहे ते मुख्यतः माणसाने पाहण्यासाठी व माणसाला दिसण्यासाठी आहेत.

दिव्यांची योजना

दिसणे हे पहिले कर्तव्य होय. जागतिक सागरी नियमांनुसार सात मीटरपेक्षा लहान अशा वल्ह्याच्या होडीवर निदान एक पांढरा दिवा हाताशी तयार ठेवावा लागतो व टक्कर टाळण्यासाठी तो वेळीच दाखवावा लागतो. इंजिनाच्या लहान होडीवर सर्व दिशांना दिसणारा पांढरा दिवा आणि त्याच्या जोडीस डाव्या अंगास लाल व उजव्या अंगास हिरवा दिवा, अशी व्यवस्था असते. समोरून येणाऱ्याला लाल व हिरवा असे दोन्ही दिवे एकदम दिसले, तर दोन्ही होड्या समोरासमोर आहेत असे समजावे. हे संकेत समुद्रासाठी घडविलेले आहेत. पण जेथे सहलीच्या मोटारबोटी फिरतात, तेथे मच्छीमारालाही ते ठाऊक असणे हिताचे आहे.

पांढरा दिवा होडीच्या मागील टोकास काठी उभारून, बसलेल्या माणसाच्या डोक्याहून सुमारे एक मीटर उंच लावावा. खाली लावल्यास माणसाचेच अंग आड येते. त्याच्या खालच्या बाजूस पत्र्याची लहान झाकणी बसवावी, म्हणजे उजेड होडीत पडून डोळे दिपणार नाहीत. अंधाराला सरावण्यास डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात आणि प्रखर पांढऱ्या उजेडाच्या एका झोतात तो सराव नाहीसा होतो. आमिष लावणे, गाठ मारणे या कामांसाठी होडीच्या तळाशी मंद लाल दिवा असावा तो याचसाठी. हौशी मंडळी या दिव्याला अनावश्यक मानतात. अनुभवी माणूस तो सर्वात आधी बसवितो.

विजेचा हिशेब कठीण नाही. उंचावरील दिवा २ वॅट, तळाचा ३ वॅट आणि पाण्यावर सोडावयाचा १० वॅट, असे एकूण १५ वॅट धरले तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून सव्वा अँपिअर प्रवाह जातो. आठ तासांच्या रात्रीस १० अँपिअर-तास लागतात. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास तिचे आयुष्य घटते, म्हणून अशी बॅटरी २० अँपिअर-तासांची घ्यावी. तिचे वजन सहा-सात किलो भरते. ती होडीच्या मध्यभागी, तळाशी, झाकणाच्या डब्यात पट्ट्याने जखडून ठेवावी. होडी कलली असता सरकणारी बॅटरी होडीला आणखी कलविते. डब्यास हवेसाठी छिद्रे ठेवावीत आणि धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत ५ अँपिअरचा फ्यूज बसवावा. वरसगावसारख्या पिण्याच्या पाण्याच्या जलाशयात बॅटरीतील आम्ल किंवा इंजिनाचे तेल सांडणे हा केवळ निष्काळजीपणा म्हणता येणार नाही. तेथे वल्ही आणि बॅटरी यांवर भागत असेल तर इंजिनाचा मोह टाळलेला बरा.

काठीची खोबण

गळाची काठी हाती धरून रात्रभर बसणे शक्य नसते, म्हणून ती रोवण्यासाठी खोबण लागते. पुष्कळ ठिकाणी काठी फळीखाली दडपून ठेवली जाते किंवा दोरीने होडीस बांधली जाते. काही जण तंगूस पायाच्या अंगठ्याला गुंडाळतात. मोठा मासा लागल्यावर काय होईल याचा विचार त्यांनी केलेला नसतो.

साधी खोबण पीव्हीसी नळाची करता येते. काठीची मूठ सहज जाईल एवढ्या व्यासाचा नळ सुमारे २० सेंटीमीटर खोल ठेवून तळाशी आडवी खीळ बसवावी, वरच्या कडेला रिळाच्या देठासाठी खाच पाडावी आणि नळ उभ्यापासून सुमारे ३० अंश बाहेर कललेला बसवावा. येथे एक हिशेब लक्षात घेण्याजोगा आहे. खोबणीपासून दोन मीटर अंतरावर काठीच्या टोकास माशाने पाच किलोचा हिसका दिला, तर तरफेच्या नियमाने २० सेंटीमीटर खोल खोबणीवर सुमारे ५० किलोचा ताण येतो. फायबरच्या पातळ भिंतीत नुसते स्क्रू पिळले असतील तर ते भिंतीसकट उपटून निघतात. म्हणून आतल्या बाजूस लाकडाची जाड फळी लावून आरपार बोल्ट घालावेत. ते न गंजणाऱ्या पोलादाचे असावेत, भोके पाण्याच्या रेषेच्या पुष्कळ वर पाडावीत व बुजवणीने बंद करावीत.

प्रत्येक बाजूस दोन खोबणी पुरेत. अधिक बसविल्यास अंधारात तंगुसांचा गुंता होतो आणि तो सोडविण्यासाठी दोघेही एकाच काठावर ओणवे होतात. लहान होडी उलटण्यास एवढे पुरते. वल्ही मारण्याच्या जागी खोबण नसावी, आणि काठी सोडविण्यासाठी उभे राहावे लागणार नाही एवढ्या अंतरावर ती असावी.

जीवरक्षक जाकीट अंगात असावे. फळीखाली ठेवलेले जाकीट पाण्यात पडलेल्याच्या उपयोगी पडत नाही. त्यास शिटी बांधावी. बसण्याच्या फळीखाली बंद कप्प्यात फोम भरल्यास पाणी शिरलेली होडीही बुडत नाही व माणसाला धरावयास आधार राहतो. धरणाच्या पोटात जुन्या गावांच्या भिंती, झाडांचे बुंधे असतात; पाण्याची पातळी उतरल्यावर ते पृष्ठभागाजवळ येतात. त्या जागा दिवसा हेरून ठेवाव्यात.

या परिसरात मासा सोडून देण्याचाही एक प्रसंग येतो. कर्नल साईक्स यांनी १८३९ साली ज्या महसीराचे शास्त्रीय वर्णन केले तो पुण्याच्या मुळा-मुठेतलाच होता. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा कंपनीच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याची पिले वाढविली जात आहेत. रात्री गळाला महसीर लागल्यास ओल्या हाताने गळ काढून तो पाण्यात सोडणे इष्ट ठरते.

परवानगीचा प्रश्न स्थानिक पातळीवर आधी सोडवावा लागतो. जलाशय जलसंपदा विभागाचा, मासेमारीचा हक्क ठेका घेणाऱ्या संस्थेचा आणि देखरेख मत्स्यव्यवसाय विभागाची, अशी विभागणी सर्वसाधारणपणे असते. रात्री होडी नेण्यास मनाई असेल तर दिव्याने ती उठत नाही. अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ मध्ये यांत्रिक शक्तीविना चालणाऱ्या होड्यांसाठी स्वतंत्र तरतुदी असून त्यांचे काम राज्य शासनास स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपविता येते. ग्रामपंचायतीने असे आदेश येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. गावात होड्या किती, त्यांतून रात्री कोण जातो आणि सकाळी किती वाजता परततो, एवढी नोंद एका वहीत ठेवता येते. एखादी होडी ठरल्या वेळी काठाला लागली नाही, तर शोध कोणत्या खोऱ्यात घ्यावयाचा हे त्या वहीवरून कळेल.