सात मिनिटांत एक वर्ष

नाशिकहून दिंडोरी, वणी, बोरगाव अशी वाट धरून वायव्येस गेले असता द्राक्षबागांचा संपन्न मुलूख हळूहळू मागे पडतो, सह्याद्रीच्या सोंडा एकमेकींत गुंतू लागतात, आणि गुजरातची सरहद्द आता फार दूर नाही अशी जाणीव होते न होते तोच सुरगाणा हे तालुक्याचे गाव लागते. १९४८ पर्यंत देशमुख घराण्याच्या एका लहानशा संस्थानाचे हे मुख्य ठिकाण होते. आज कोकणा, महादेव कोळी, वारली या जमातींची बहुसंख्य वस्ती असलेला हा तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो. पर्जन्यमानाच्या कोष्टकात त्याचा क्रम जिल्ह्यात वरचा आहे. परंतु पडलेले पाणी नार, पार यांसारख्या नद्यांवाटे पश्चिमेस समुद्राकडे धावत सुटते, आणि चैत्र लागतो न लागतो तोच विहिरींचे तळ दिसू लागतात. विपुल पाऊस आणि दुर्मिळ पाणी यांचा हा विरोध ज्याने पाहिला आणि ज्याच्या हाती कॅमेरा आहे, त्याला यावर एखादा माहितीपट करावा अशी इच्छा झाली नाही तरच नवल.

इच्छा आणि माहितीपट यांच्या दरम्यान मात्र एक दालन आहे, आणि त्याची वार्ता सामान्य प्रेक्षकाच्या कानी क्वचितच जाते. त्या दालनात पैसे देणारे बसलेले असतात: कोणी दूरचित्रवाहिनीचा, कोणी न्यासाचा, कोणी उद्योगसमूहाच्या सामाजिक दायित्व विभागाचा प्रतिनिधी. त्यांच्यासमोर उभे राहून, अद्याप अस्तित्वात न आलेला चित्रपट मोजक्या मिनिटांत त्यांना पटवून द्यावयाचा, या व्यवहारास व्यवसायात ‘पिचिंग’ म्हणतात. कथापटाच्या निर्मात्यापाशी निदान लिखित पटकथा असते. माहितीपटकर्त्यापाशी तीही नसते, कारण ज्या घटना तो चित्रित करणार त्या अजून घडावयाच्या असतात. सबब त्याच्या अर्जात एका वाक्यात सांगितलेला विषय, पानभर आशय, दृश्यरचनेचे विवेचन, ज्यांच्या आयुष्यात कॅमेरा शिरणार त्यांच्या संमतीची ग्वाही, वेळापत्रक आणि अंदाजपत्रक इतके सर्व असावे लागते; आणि या सर्वांपेक्षा अधिक वजन ज्याला असते ती दोन-तीन मिनिटांची नमुना चित्रफीत अर्जासोबत जोडावी लागते.

अॅमस्टरडॅमच्या ‘इडफा’ या माहितीपट महोत्सवाने १९९३ पासून या व्यवहाराला ‘फोरम’ असे जाहीर आणि काहीसे नाट्यपूर्ण रूप दिले: निर्मात्याने साधारण सात मिनिटे बोलावे, चित्रफीत दाखवावी, आणि मग भोवती बसलेल्या वाहिन्यांच्या ‘कमिशनिंग एडिटरां’नी, म्हणजे आपल्या वाहिनीसाठी चित्रपट निवडून त्यांवर पैसा लावण्याचा अखत्यार असलेल्या अधिकाऱ्यांनी, भर सभेत आपले मत सांगावे. त्या जागी कोणी धनादेश फाडून देत नाही. ‘कच्चे संकलन झाले की दाखवा’ इतके आश्वासन पदरी पडले तरी निर्माता कृतार्थ होतो. आपल्याकडे कोलकात्यात २००४ पासून ‘डॉकएज’ हे याच धर्तीचे व्यासपीठ भरत आले आहे, आणि जून २०२४ मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवात ‘डॉक फिल्म बाजार’ प्रथमच मांडला गेला. बाजार हे नाव योजणाऱ्यांच्या प्रामाणिकपणाचे मला कौतुक वाटते.

हा प्रकार पाश्चात्त्यांकडून आला असा समज असेल तर तो नाशिक जिल्ह्यातल्याच एका माणसाच्या चरित्रावरून दूर व्हावा. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके १९१२ साली आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून विलायतेस गेले, कॅमेरा आणि यंत्रसामग्री घेऊन परतले, आणि ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यास भांडवल हवे म्हणून स्नेह्यांच्या दारी उभे राहिले. हलती चित्रे एतद्देशीय माणूस निर्माण करू शकेल यावर कोणाचा विश्वास बसेना. या अविश्वासाशी फाळक्यांनी वाद घातला नाही, की भावी चित्रपटाची रसभरीत वर्णनेही ऐकवली नाहीत. त्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा लावला, आणि दररोज थोडे थोडे करीत महिन्याहून अधिक काळ त्या कुंडीचे चित्रण केले. जी फीत तयार झाली ती जेमतेम मिनिटभराची. पण तिच्यात बी फुटते, अंकुर वर येतो आणि पाहता पाहता त्याचा वेल होतो. ‘अंकुराची वाढ’ पाहणाऱ्यांत यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे होते. त्यांनी कर्ज देऊ केले, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. पौराणिक कथापटासाठी भांडवल मागणाऱ्या या गृहस्थाने पुरावा म्हणून ठेवला तो एक माहितीपट.

या प्रसंगाचा विचार करताना तंत्राच्या चमत्कारापेक्षा मला त्यातील एक हिशोब अधिक महत्त्वाचा वाटतो. मिनिटभर दाखविण्यासाठी महिनाभर खर्ची पडला, आणि त्या महिन्याचा खर्च भांडवलदाराने दिलेला नव्हता. शंभराहून अधिक वर्षे लोटली, पण माहितीपटाच्या धंद्यातील हा पेच जागचा हललेला नाही: विश्वास संपादन करण्यास नमुना हवा, नमुन्यास काळ हवा, आणि त्या काळाचे मोल देण्यास कोणी पुढे येत नाही, कारण विश्वास अजून बसावयाचा असतो. काही न्यास ‘विकास-अनुदान’ या नावाने एवढ्या पूर्वतयारीपुरती रक्कम देतात. तिच्यासाठी होणारी गर्दी पाहिली म्हणजे तिची निकड कळते. महाराष्ट्रातील फिरत्या तंबू-चित्रगृहांवरचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ २०१६ साली कान येथे गौरविला गेला खरा, पण शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी त्यामागे कित्येक वर्षे घातली होती. आणि जत्रांमागे हिंडलेल्या त्या वर्षांचे मोल कोणत्याही परीक्षकाला सात मिनिटांत सांगता येण्याजोगे नाही.

फाळक्यांचे पुढचे चरित्रही अर्ज करणाऱ्यांनी वाचून ठेवावे असे आहे. भांडवलदारांच्या भागीदारीत ‘हिंदुस्थान फिल्म कंपनी’ उभी राहिली, मतभेद विकोपास गेले, आणि चित्रपटाचा हा जनक काही काळ सर्वसंगपरित्याग करून काशीस जाऊन राहिला. पैसा मिळणे हा या कथेचा शेवट नसतो, हे त्यावरून दिसते.

स्वातंत्र्यानंतर सरकारनेच भांडवलाचा हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडविला. १९४८ साली स्थापन झालेला फिल्म्स डिव्हिजन हा स्वतःच धनको, स्वतःच निर्माता आणि, चित्रगृहांवर मुख्य खेळाआधी त्याचे अनुबोधपट दाखविण्याची सक्ती असल्यामुळे, स्वतःच वितरकही होता. त्या अनुबोधपटांची थट्टा आपण सर्वांनी केली. तथापि सुखदेव, शास्त्री, प्रमोद पती यांच्यासारख्या दिग्दर्शकांचे अपूर्व प्रयोग त्याच छत्राखाली झाले. २०२२ साली तो विभाग राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाला. दूरदर्शनचा दरवाजा तर कधी उघडा, कधी बंद: आनंद पटवर्धनांना आपला ‘पितृ, पुत्र और धर्मयुद्ध’ तेथे दाखवला जावा म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, आणि निकाल हाती आला तो २००६ साली.

आता सुरगाण्याचे उदाहरण घेऊन हा अर्ज कोठे अडखळतो ते पाहू. पहिली अडचण पंचांगाची आहे. सरकारी निधी असो वा कंपनी कायदा २०१३ अन्वये नफ्यातील दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करणाऱ्या उद्योगाचा, त्यांचे वर्ष ३१ मार्चला संपते. बहुवर्षीय प्रकल्पाची तरतूद कायद्यात असली तरी हिशोबनीसाचा कल ‘मार्चअखेर खर्च दाखवा, उपयोगिता प्रमाणपत्र द्या’ याकडेच असतो. सुरगाण्याचे वर्ष याच्या नेमके आडवे जाते. ज्येष्ठ-आषाढात राबाच्या जागी रोपे धरायची, उतारावर नागली आणि वरई, खोलगटीत भात. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव. आणि पिके निघाली की निम्मी वस्ती दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीस उतरते, ती शिमग्याला परतते. म्हणजे निधीचे वर्ष जेथे संपते तेथेच पाणीटंचाईची कथा सुरू होते, आणि ज्या महिन्यांत खर्च उरकण्याची घाई असते त्या महिन्यांत गावात भेटतात ती म्हातारी माणसे आणि शाळकरी पोरे. घाईने आलेला कॅमेरा रिकाम्या घरांचे चित्रण करून ‘ओसाड गाव’ असा निष्कर्ष काढतो. अर्ज लिहिणाऱ्याने आपले वेळापत्रक पेरणी ते पेरणी असे मांडावे आणि आर्थिक वर्षाच्या सीमेवर ते का तोडता येत नाही याचे कारण स्पष्ट लिहावे. समजदार परीक्षकाला ते पटते असा माझा अनुभव आहे, आणि बेसमज परीक्षकाचा पैसा पुढे महागच पडतो.

दुसरी अडचण ‘नायक’ या प्रश्नाची. ‘यात मुख्य व्यक्ती कोण, तिला काय हवे आहे, आणि ते मिळण्यात अडसर कोणाचा?’ हे तीन सवाल प्रत्येक फोरमवर विचारले जातात. ते मूर्खपणाचे नाहीत. मच्छीमारीच्या ढासळत्या अर्थव्यवस्थेसारखा अमूर्त विषय सर्वनिक कौर यांनी ‘अगेन्स्ट द टाइड’मध्ये मुंबईच्या दोन कोळी मित्रांच्या मैत्रीतून मांडला, आणि २०२३ साली सनडान्स महोत्सवात त्याला ज्यूरीचे विशेष पारितोषिक मिळाले. परंतु प्रत्येक विषय या साच्यात बसत नाही. ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा ‘लाँग मार्च’ आठवावा. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण येथील आदिवासी शेतकरी त्यात फार मोठ्या संख्येने होते. सुमारे १८० किलोमीटर चालून, आणि दहावीच्या परीक्षेला निघालेल्या मुलांची गैरसोय होऊ नये म्हणून अखेरचा टप्पा रात्रीत काटून, १२ तारखेला ते आझाद मैदानावर पोहोचले. जगभर गेले ते त्यांच्या सोललेल्या तळव्यांचे छायाचित्र. त्या तळव्यांवर माहितीपट मागितला असता तर मंजुरी तत्काळ मिळाली असती.

पण ही माणसे चालली ती कशासाठी? त्यांच्या मागण्यांत वनहक्क कायदा, २००६ याची अंमलबजावणी अग्रभागी होती. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन दप्तरात वनखात्याची. तिच्यावर हक्क मिळावा म्हणून ग्रामसभेच्या वनहक्क समितीपुढे दावा, तेथून उपविभागीय समिती, तेथून जिल्हास्तरीय समिती, आणि १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताबा असल्याचा पुरावा. या पुराव्यात अतिक्रमणाबद्दल वनखात्याने केलेल्या दंडाच्या जुन्या पावत्यांचाही उपयोग होतो! ज्या कागदाने बापाला गुन्हेगार ठरविले, तोच कागद मुलाच्या हक्काचा आधार. दंडाची ही पावती प्लास्टिकच्या पिशवीतून काढून मेजावर ठेवणारा हात, समोरच्या कारकुनाने ती उलटसुलट करून पाहणे, आणि पुढची तारीख: इतकी दोन मिनिटांची चित्रफीत फोरमवर दाखवावी. येथे नायक एक माणूस नाही, एक दावा आहे; त्याला इच्छा आहे, अडसर आहे, आणि काळाबरोबर तो पुढे सरकतो किंवा फेटाळला जातो. तीन सवालांची उत्तरे मिळाली, आणि सोललेले तळवे विकावे लागले नाहीत.

पैशाच्या मार्गाविषयी थोडे लिहिणे भाग आहे. परदेशी न्यासाचे अनुदान कोणालाही थेट स्वीकारता येत नाही. विदेशी अंशदान नियमन कायदा, २०१० अन्वये त्यास नोंदणी अथवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने मिळविलेली रक्कम दुसरीकडे वळविण्याची वाटही बंद झाली आहे. वाहिनीशी झालेला खरेदीचा अथवा सहनिर्मितीचा करार हा व्यापारी मोबदला ठरतो, त्याचा विचार निराळा. पण करारावर सही करण्यापूर्वी सनदी लेखापालाची फी अंदाजपत्रकात धरावी, एवढे व्यवहारज्ञान कलावंताने बाळगले तर बिघडत नाही.

आणि अंदाजपत्रकात आणखी काही ओळी असाव्यात, ज्या बहुधा नसतात. कोकणा बोली समजणारा स्थानिक सहायक आणि त्याचे वेतन. भगताने नकार दिला तर डोंगऱ्यादेवाचे चित्रण न करण्याची तयारी, आणि त्यामुळे वाया जाणारे दिवस. ग्रामसभेत विषय मांडण्यास लागणारा अवधी, कारण व्यक्तीने संमतिपत्रावर केलेली सही आणि गावाने दिलेली मुभा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेवटची ओळ सुरगाण्यातील प्रदर्शनाची: पडदा, प्रक्षेपक, विजेचा भरवसा नाही म्हणून जनित्र, आणि वाड्यापाड्यांवरून माणसे आणण्यास वाहन. परीक्षक या रकमेपुढे प्रश्नचिन्ह काढतात, तेव्हा ती कमी करण्यास राजी होऊ नये. आणि तारीख मात्र शिमग्यानंतरची धरावी, कारण त्याआधी प्रेक्षक निफाडच्या बागांत असतात.