खिडकी एक झाली, पण दाद कुठे मागायची? १२४ गावांपुढचा प्रश्न

उरण : तालुक्यात घराला एक खोली वाढवायची म्हटली तरी पहिला प्रश्न येतो, आपलं गाव नेमकं कुणाकडे? कुठे सिडको, कुठे नैना, कुठे खोपटा नवनगर, बंदराच्या हद्दीत जेएनपीए आणि शहरात नगरपरिषद. सातबारा तहसीलमध्ये, मोजणी भूमी अभिलेखकडे. या टेबलावरून त्या टेबलावर हेलपाटे मारून वैतागलेला माणूस म्हणतो, सगळं एकाच कार्यालयाकडे द्या, म्हणजे सुटलो.

शासनाने आता तसंच केलं आहे. पण कार्यालय एक झालं की नुसत्या फाईली एकत्र येत नाहीत, अधिकारही एकत्र येतात. त्याचे परिणाम गावाने समजून घ्यायला हवेत.

नेमकं काय झालं?

१५ ऑक्टोबर २०२४ रोजी शासनाने उरण, पनवेल आणि पेण तालुक्यातल्या १२४ गावांसाठी एमएमआरडीएला नवनगर विकास प्राधिकरण म्हणून नेमलं. नाव कर्नाळा-साई-चिरनेर नवनगर. लोक त्याला 'तिसरी मुंबई' म्हणतात. क्षेत्र सुमारे ३२३ चौरस किलोमीटर. यातली ८० गावं नैनातली, ३३ खोपटा नवनगर क्षेत्रातली आणि उरलेली ११ प्रादेशिक योजनांतली आहेत. मार्च २०२४ मध्ये प्रारूप अधिसूचना निघाली, तेव्हा शेतकऱ्यांनी हजारोंनी हरकती नोंदवल्या. तरीही निर्णय कायम झाला.

फायदा आहेच

जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला आणि चिर्ले-जासई भागातल्या जमिनींकडे सगळ्यांचे डोळे लागले. तुकड्या-तुकड्याने बांधकाम झालं, तर पावसाळ्यात पाणी कुणाच्या शेतात जाईल, रस्ता कुठून निघेल, याचा मेळ कुणीच घालणार नाही. एका गावाला एक नियम आणि बांधापलीकडच्या गावाला दुसरा, हा घोळ एकच नियोजन असलं की कमी होतो.

दुसरं म्हणजे "आमच्याकडे येत नाही, तिकडे जा" असं सांगायची सोय राहत नाही. लढायचं झालं तर समोर एकच असतो. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई, दास्तान फाटा परिसरात शेतकरी सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध उभे राहिले. पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्याच लढ्यातून आली.

मग अडचण कुठे?

पहिली अडचण मताची. सरपंच गावाने निवडलेला असतो. काम केलं नाही तर पाच वर्षांनी गाव त्याला घरी बसवतं. एमएमआरडीएचा रोजचा कारभार महानगर आयुक्त बघतात आणि ते सनदी अधिकारी असतात. ग्रामपंचायत राहते, ग्रामसभाही होते, पण जमिनीचं काय करायचं हे ठरवणारं टेबल गावाबाहेर जातं. रस्ता चुकला तरी शिव्या मात्र सरपंचालाच पडतात.

दुसरी अडचण अंतराची. सिडको भवन बेलापूरला, उरणहून एका लोकलचा प्रवास. एमएमआरडीएचं मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात. तिकडे जायचं म्हणजे गाड्या बदला आणि दिवसाची मजुरी घालवा.

तिसरी अडचण जुन्या शब्दांची. साडेबारा टक्क्यांचे भूखंड आजही सगळ्यांना मिळालेले नाहीत. जिथे शब्द देणारी संस्था तीच आहे, तिथे पाठपुरावा करायला इतकी वर्षं लागली. मग जिथे कारभारीच बदलला, तिथे आधीच्या संस्थेने कबूल केलेलं नव्याने पाळायला हवं, आणि ते कागदावर हवं.

चौथी अडचण लवकर दिसत नाही. संस्था अनेक असल्या की एकीने नाही म्हटलं तर दुसरीकडे बोलता येतं, एकीची चूक दुसरी दाखवते. एकच उरली की तिचा निर्णय तोच शेवटचा. त्यापुढे मंत्रालय नाहीतर कोर्ट. दोन्हीकडे लहान शेतकऱ्याचं काम सहज होत नाही.

शेजारचं उदाहरण

१ ऑक्टोबर २०१६ ला पनवेल नगरपालिका, सिडको वसाहती आणि २९ गावं मिळून महापालिका झाली. गावांच्या ग्रामपंचायती गेल्या. २०२२ मध्ये पहिल्या सभागृहाची मुदत संपली, निवडणूक लांबली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. त्या काळात गावाकडे सरपंचही नव्हता आणि नगरसेवकही नव्हता.

गावाने काय विचारावं?

येत्या ग्रामसभेत तीन प्रश्न लेखी ठरावात घालता येतील. नैना आणि खोपट्यातल्या प्रलंबित प्रकरणांची जबाबदारी कुणाची? तालुक्यात निर्णय देऊ शकेल असा अधिकारी बसणार का, की नुसती अर्ज घेणारी खिडकी? गावठाणाबाहेरच्या जुन्या घरांचं काय धोरण?

एका खिडकीला विरोध करायचं कारण नाही. पण त्या खिडकीतल्या माणसाला जाब विचारायची सोय आराखडा कायम होण्याआधीच मागून घ्यावी लागेल. एकदा नकाशावर रेघ पडली की ती पुसायला पिढी जाते, हे उरणकरांना सांगायला नको.